विश्वास अंतराल : अर्थ, वाचन आणि मर्यादा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील संख्याशास्त्राच्या अध्यापनात ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ अर्थात विश्वास अंतराल ही संकल्पना सूत्राच्या दृष्टीने सोपी, परंतु अर्थाच्या दृष्टीने अवघड ठरते. वाणिज्य, समाजशास्त्र, भूगोल अशा विषयांतील लघुसंशोधन प्रकल्पांतही नमुन्यावरून निष्कर्ष काढले जातात. त्यामुळे या संकल्पनेचे अचूक आकलन सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांना आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात तिचा अर्थ, वाचन आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

जे. नेमन यांनी ही संकल्पना 1934 मध्ये मांडली व 1937 मध्ये तिची सविस्तर उपपत्ती दिली. त्याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (1911-1997) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नेमन यांच्या सहवासात नमुना निवडीच्या सिद्धांतावर संशोधन करीत होते. नमुना कसा निवडला आणि अंदाज किती विश्वसनीय, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, हे या कार्याचे मर्म होय.

उदाहरण

समजा, कल्याण-डोंबिवलीतील पदवी विद्यार्थ्यांतून 400 जणांचा यादृच्छिक नमुना घेतला आणि त्यांपैकी 240 जण, म्हणजे 60 टक्के, लोकलने महाविद्यालयात येतात असे आढळले. (येथील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिले आहेत.) प्रमाण त्रुटी म्हणजे 0.6 × 0.4 ÷ 400 याचे वर्गमूळ, अर्थात 0.0245. तिला 1.96 ने गुणल्यास 0.048 मिळतात. म्हणून 95 टक्के विश्वास अंतराल 55.2 ते 64.8 टक्के असे येते.

अर्थ

‘खरे प्रमाण 55.2 ते 64.8 यांदरम्यान असण्याची संभाव्यता 95 टक्के आहे’ हे वाचन नेमन यांच्या उपपत्तीत बसत नाही. खरे प्रमाण अज्ञात असले तरी स्थिर असते. नमुन्यागणिक बदलते ते अंतराल. जत्रेतील खेळात वस्तू जागच्या जागी असते, फेकली जाते ती रिंग. तसेच हे आहे. याच पद्धतीने पुनःपुन्हा नमुने घेतल्यास शंभरांपैकी सुमारे 95 अंतराले खऱ्या प्रमाणाला कवेत घेतील. हाती आलेले एक अंतराल त्यांपैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे सांगता येत नाही. थोडक्यात, 95 टक्के हा गुण पद्धतीचा आहे, विशिष्ट अंतरालाचा नव्हे. बेझीय पद्धतीत संभाव्यतेचे विधान करता येते, परंतु त्यासाठी पूर्ववितरण गृहीत धरावे लागते.

नमुन्याचा आकार

2011 च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांहून अधिक होती. म्हणून ठाण्यासाठी सुमारे दीडपट नमुना हवा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि समष्टी नमुन्याच्या मानाने फार मोठी असल्यास तिच्या आकाराचा अंतरालावर जवळजवळ परिणाम होत नाही. परिणाम होतो तो नमुन्याच्या आकाराचा, आणि तोही वर्गमूळाच्या प्रमाणात. अंतरालाची रुंदी निम्मी करण्यासाठी 400 ऐवजी 1600 विद्यार्थी लागतील.

तुलना

ठाण्यातील 400 विद्यार्थ्यांत हेच प्रमाण 52 टक्के आढळले, तर तेथील अंतराल 47.1 ते 56.9 टक्के येईल. दोन्ही अंतराले अंशतः एकमेकांवर येतात. यावरून दोन शहरांत फरक नाही असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते. तो चुकीचा आहे. फरकाचे स्वतंत्र अंतराल काढल्यास ते 1.1 ते 14.9 टक्के असे येते व त्यात शून्य नाही. तुलना करावयाची असल्यास फरकाचेच अंतराल काढले पाहिजे.

मर्यादा

अंतराल केवळ नमुना निवडीतील यदृच्छेची त्रुटी मोजते. वरील 400 विद्यार्थी डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर गाठले असते, तर बसने वा पायी येणारे वगळले गेले असते. अशा वेळी नमुना वाढविल्यास अंतराल अरुंद होते, पण चुकीच्या संख्येभोवती. व्याख्येतील बदलही अंतरालात दिसत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) 2011 च्या जनगणनेतील जिल्हे धरले होते. पाचव्या फेरीतील (2019-21) ठाणे जिल्हा मात्र 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाल्यानंतरचा आहे. या दोन फेऱ्यांतील ‘ठाणे’ एकच समजून केलेली तुलना कितीही अरुंद अंतरालाने ग्राह्य ठरत नाही.

समारोप

प्रकल्प अहवालात टक्केवारीसोबत अंतराल, नमुन्याचा आकार, निवडीची पद्धत आणि प्रतिसाद न देणाऱ्यांची संख्या नमूद करणे इष्ट होय. यादृच्छिक निवड झालीच नसेल, तर अंतराल न देता तसे स्पष्ट लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. विद्यार्थ्याला सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. आपला अंदाज कोणत्या अर्थाने व कोठपर्यंत विश्वासार्ह आहे, हे त्याला सांगता आले, तरच या घटकाच्या अध्यापनाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.