आमच्या यार्डाला धाकटेच इंजिन का हवे?



आपल्या जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. जव्हारकडून खाली उतरावे तर डहाणू रोड किंवा पालघर, आणि मोखाड्याकडून खोडाळ्यावरून कसारा, तेव्हा कुठे रूळ दिसतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती भात झोडून झाल्यावर, आईबाबांबरोबर भिवंडी, वसई, बोईसरकडे जगायला जाताना. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी रेल्वेचे छोटे यार्ड करायचे ठरले, तेव्हा सगळा वर्ग एकदम "हो" म्हणाला.

फळी मिळाली. रूळ आले, दोन सांधे आले. आठ वाघिणी आम्ही पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त चाके विकत आणली. (वाघीण म्हणजे जंगलातली नव्हे हं! मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात.) अडले ते इंजिनावर. ते पुठ्ठ्याचे करून चालत नाही, आणि घेता येईल एकच. पैसे वर्गणीचे आहेत. कुणाच्या घरच्यांनी मजुरीतून दिले, कुणी मोहाची फुले वेचून दिले. ते पुन्हा मागता येणार नाहीत.

वर्गात हात वर करून मत घेतले. जवळजवळ सगळ्यांना मोठे, लांबलचक, मेल गाडीला लावतात तसले इंजिन हवे होते. खरे सांगतो, माझाही हात त्यालाच वर होता. गुरुजी हसून म्हणाले, "हात वर करून इंजिन फळीवर बसत नाही. आधी मोजा, मग बोला." आम्ही मोजले. काय निघाले ते या लेखात सांगतो.

यार्डात काय चालते?

मालगाडी येते तेव्हा तिच्या वाघिणी आपल्याला हव्या त्या क्रमाने नसतात. कुणी सिमेंटच्या धक्क्यावर जायची, कुणी धान्याच्या. त्या सोडवायच्या, मागेपुढे ढकलायच्या आणि नीट क्रमाने लावायच्या, याला शंटिंग म्हणतात. त्यासाठी वेगळे इंजिन असते. आपल्या रेल्वेत इंजिनाच्या नावातच त्याचे काम लिहिलेले असते. डब्ल्यूडीएस-४ हे नाव घ्या. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. चित्तरंजनच्या कारखान्यात झालेल्या या इंजिनाला तीन आस, म्हणजे सहा चाके. त्याच्या एका प्रकाराची ताकद ७०० अश्वशक्ती. याउलट डब्ल्यूडीएम-२ मधला एम म्हणजे मिश्र, प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे. त्याला सहा आस आणि २६०० अश्वशक्ती.

आमचे यार्ड असे आहे. तीन रूळ शेजारी शेजारी. एकावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोघांवर तीन-तीन. तिन्ही रूळ दोन सांध्यांनी एका रुळाला मिळतात, तो मागेपुढे करण्याचा रूळ. त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा हवी. खेळ असा : आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या, आणि त्याच क्रमाने पाच वाघिणी लांब रुळावर लावून दाखवायच्या. किती प्रकारे लावता येतील? ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. म्हणजे रोज एक डाव खेळलो तरी अठरा वर्षे पुरेल!

आता मोजमाप

आमचे रूळ एचओ मापाचे आहेत. या मापात खरी वस्तू ८७ पट लहान करतात. खरी उघडी वाघीण, बॉक्स-एन जातीची, जोडणीसकट १०.७१३ मीटर लांब. भागिले ८७ केले की १२.३ सेंटीमीटर. आमच्या वाघिणी तेवढ्याच आहेत.

डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर. ८७ ने भागले की १९.७ सेंमी. लहान शंटिंग इंजिन दहा मीटरचे धरले तर ११.५ सेंमी. आता बेरीज करू या.

लांब रुळावर पाच वाघिणी : ६१.५ सेंमी.
दोन सांधे, प्रत्येकी १७ : ३४ सेंमी.
मागेपुढे करण्याच्या रुळावर तीन वाघिणी : ३६.९ सेंमी.
एकूण १३२.४ सेंमी.

यात मोठे इंजिन मिळवले की १५२.१ होतात. धाकटे मिळवले की १४३.९. आमची फळी जुन्या बाकाची, बरोबर १५० सेंमी! मोठे इंजिन घेतले असते तर ते तीन वाघिणी घेऊन दोन सेंमी फळीबाहेर गेले असते, म्हणजे थेट खाली. सगळ्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून फळीवर ठेवून पाहिल्या, तेव्हा वर्ग गप्प झाला.

पण ताकदीचे काय?

एक मुलगी म्हणाली, "धाकटे इंजिन बारके, त्याला ओढवेल का?" प्रश्न चांगला होता. घाट चढणारी एस.टी. आठवा. ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो. गाडी हळू चालते, पण जोर जास्त लागतो. शंटिंगचे इंजिनही तसेच. त्याला पळायचे नाही, म्हणून त्याची ताकद हळू पण जोराने ओढण्यात खर्च होते. शिवाय चाक रुळावर घसरू नये म्हणून इंजिन जड हवे. आपणही खेळण्यातले हलके इंजिन न घेता आतून धातूचे, हाताला जड लागणारे घ्यायचे.

दुसरी गोष्ट वळणाची. लांब इंजिन तीव्र वळणावर गेले की त्याचे टोक रुळाबाहेर डोकावते आणि शेजारच्या हलक्या वाघिणीला आडवे ओढते. वाघीण घसरलीच. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, तिचे रूळ फक्त दोन फूट रुंद आणि वळणे भारी. तिथली जुनी वाफेची इंजिने लहान होतीच, पण त्यांच्या टोकाच्या चाकांना थोडे आडवे सरकता येईल अशी खास सोय होती. वळणापुढे खऱ्या रेल्वेलाही नमावे लागते.

मग सर्वांत धाकटे का नको?

चार चाकांचे अगदी चिमुकले इंजिनही मिळते. तेही नको, कारण ऐका. छोट्या इंजिनाची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि वीज तिला रुळातून, चाकांवाटे मिळते. सांध्याच्या मधोमध, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे आमच्या सांध्यात प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्यातून वीज येत नाही. चार चाकांपैकी एक त्यावर आले आणि दुसऱ्याखाली धूळ असली, की इंजिन जागीच उभे. सहा चाके असली, आणि सहाही वीज घेत असली, तर कुणी ना कुणी चाक चांगल्या रुळावर असतेच. म्हणून नियम असा : धाकटे, पण सहा चाकांचे. रूळ मात्र रोज कोरड्या कापडाने पुसायचे.

दुकानात काय तपासायचे?

इंजिन किती जोरात पळते ते पाहू नका, किती हळू चालते ते पाहा. खरे शंटिंग माणसाच्या चालीने होते, ताशी पाच किलोमीटर धरा. आमच्या मापात ते सेकंदाला १.६ सेंमी होतात. म्हणजे पट्टीएवढे ३० सेंमी कापायला सुमारे १९ सेकंद लागले पाहिजेत, तेही न अडखळता. दुकानदाराला म्हणायचे, "काका, हळू चालवून दाखवा." घड्याळ बरोबर न्यायचे.

एक कबुली देऊन ठेवतो. एचओ रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. गुणिले ८७ केले की १४३५ मिमी, हे परदेशी माप. आपला रुंद रूळ १६७६ मिमी. म्हणजे आमचा रूळ सुमारे १९.३ मिमी हवा होता. तसा मिळाला नाही. प्रदर्शनात ही चूक पाटीवर लिहून ठेवणार आहोत. बाजारातली छोटी इंजिनेही बहुतेक परदेशी नमुन्याची असतात. रंग आपण आपला देऊ.

मी हे सगळे घरी सांगितले. माझे बाबा हंगामात एका कारखान्याच्या धक्क्यावर हमालीला जातात. ते म्हणाले, "अरे, मोठा इंजिन गाडी आणून ठेवतो नि निघून जातो. दिवसभर ओढाताण करतो तो धाकटाच. त्याच्याकडं कुणी बघत नाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तोच घ्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मत घेतले. या वेळी माझा हात धाकट्याला वर होता. अजून चार जण मोठ्याच्याच बाजूचे आहेत. त्यांनी फळीजवळ यावे, पुठ्ठ्याच्या पट्ट्या तिथेच ठेवल्या आहेत. पालकांनीही मोजून पाहावे. तुमचे पैसे आहेत, ते कशासाठी खर्च होणार हे तुम्हांला कळले पाहिजे.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी