विश्लेषण : रणगाड्यांपुढे हरलेली रायफल आजही सैन्यात का?

युक्रेनच्या लष्कराकडील ‘स्नायपेक्स अ‍ॅलिगेटर’ या लांब पल्ल्याच्या रायफलमध्ये १४.५ मिलिमीटरचे काडतूस वापरले जाते. हेच काडतूस १९४१ मध्ये सोव्हिएत सैनिक जर्मन रणगाड्यांवर डागत होते. रणगाडे भेदण्याचे काम या रायफलींच्या हातून केव्हाच गेले, तरीही त्या मोडीत निघाल्या नाहीत. असे का झाले?

रायफलने रणगाडा भेदण्याची कल्पना कुठून आली?

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत ब्रिटनने प्रथमच रणगाडे उतरवले. त्यांचे चिलखत जेमतेम ६ ते १२ मिलिमीटर जाडीचे होते. जर्मनांनी आधी साध्या रायफलमधून कठीण गाभ्याच्या गोळ्या झाडल्या. ब्रिटिशांनी चिलखत वाढवल्यावर त्या निष्प्रभ ठरल्या. मग १९१८ मध्ये माउझर कंपनीची ‘टँकगेवेर’ ही १३.२ मिलिमीटरची रायफल आली. जगातील ही पहिली रणगाडाविरोधी रायफल. सुमारे १८ किलो वजन, दोन सैनिकांची जोडी आणि एका वेळी एकच गोळी. धक्का शोषून घेण्याची काहीच सोय तिच्यात नव्हती. तो सगळा सैनिकाच्या खांद्यावर येई.

तिची मर्यादा नेमकी कोणती होती?

सैनिकाचा खांदा. जाड चिलखत भेदायचे तर गोळी अधिक जड किंवा अधिक वेगवान हवी. दोन्हींमुळे मागे बसणारा धक्का वाढतो. तो कमी करायचा तर रायफल जड करावी लागते आणि मग ती उचलून पळता येत नाही. फिनलंडची २० मिलिमीटरची ‘लाहती एल-३९’ जवळपास ५० किलोंची होती. सैनिक तिला ‘हत्तीची बंदूक’ म्हणत. ब्रिटनच्या १६ किलोंच्या ‘बॉइज’ रायफलला नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारी जोडणी आणि दस्त्याला गादी होती. तरीही तिचा दणका सैनिकांना नकोसा वाटे. चिलखताला अशी मर्यादा नव्हती. इंजिन ताकदवान झाले की पत्रा जाड करता येई.

मग सोव्हिएत फौजांनी त्या लाखोंच्या संख्येने का बनवल्या?

१९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकत होत्या आणि रणगाडाविरोधी तोफांची टंचाई होती. देगत्यारेव्ह यांची ‘पीटीआरडी’ आणि सिमोनोव्ह यांची ‘पीटीआरएस’ या रायफली त्याच वर्षी घाईने स्वीकारल्या गेल्या. ‘पीटीआरडी’ची रचना इतकी साधी होती, की ती झपाट्याने बनवता येई. जवळून सुमारे ४० मिलिमीटर चिलखत भेदण्याची तिची क्षमता होती. तेव्हाच्या जर्मन रणगाड्यांच्या बाजूचा पत्रा साधारण ३० मिलिमीटरचा होता. त्यामुळे समोरून नव्हे, तर बाजूने आणि १०० मीटरच्या आसपास येऊ देऊन गोळी झाडावी लागे. तोवर खंदकात थांबणे हा जिवाशी खेळ होता. या गोळ्यांचा उपद्रव एवढा झाला, की १९४३ पासून जर्मनांनी रणगाड्यांच्या बाजूंना जादा पत्रे लटकवले.

या रायफलींची जागा कोणी घेतली?

अमेरिकेचा ‘बाझूका’, ब्रिटनचा ‘पियाट’ आणि जर्मनीचा ‘पान्झरफाउस्ट’ ही शस्त्रे १९४२-४३ मध्ये आली. त्यांच्या अस्त्रात शंकूच्या आकाराची पोकळी ठेवून स्फोटके भरलेली असत. स्फोट होताच पोकळीवरील धातूच्या अस्तराची अतिवेगवान धार बनते आणि ती चिलखत भेदते. म्हणजे अस्त्र संथ असले तरी चालते, त्यासाठी खांद्यावर मोठा धक्का सोसावा लागत नाही. तोवर ‘टायगर’ रणगाड्याच्या पुढच्या भागाचे चिलखत १०० मिलिमीटरवर गेले होते. रायफलसाठी ही स्पर्धा संपली होती.

तरीही त्या परतल्या कशा?

रणगाडा हाताबाहेर गेला, पण रणांगणावर चिलखत नसलेली महागडी यंत्रे वाढत गेली. रडार, उभी विमाने, इंधनाच्या टाक्या, संपर्क यंत्रणा, वाहनांची इंजिने यांसाठी जड गोळी पुरेशी ठरते. अमेरिकेतील रॉनी बॅरेट यांनी १९८०च्या दशकात १२.७ मिलिमीटरची रायफल विकसित केली. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी ती वापरली. न फुटलेले बॉम्ब दुरून निकामी करण्यासाठीही अशा रायफली वापरतात. या वर्गाला आता ‘साधनसामग्रीविरोधी रायफल’ म्हटले जाते.

भारताकडे अशी रायफल आहे का?

तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत ‘विध्वंसक’ ही रायफल तयार होते. नळी आणि काही भाग बदलून ती १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटर अशा तीन प्रकारे वापरता येते. सीमा सुरक्षा दलाकडे ती आहे. शत्रूचे बंकर, वाहने आणि रडार ही तिची लक्ष्ये आहेत. त्या यादीत रणगाडा नाही.