तीस डॉलरचा बीट आणि कॅन्टीनमधला वाद

गेल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये चहा घेताना एका मित्राने बॉम्ब टाकला. ‘‘शेवटच्या वर्षाला ड्रॉप घेतोय. पूर्ण वेळ म्युझिक करणार.’’ तो हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर बीट्स बनवतो आणि खरंच भारी बनवतो. टेबलावर क्षणभर शांतता, मग एकच गोंधळ. आम्ही सगळे तुटून पडल्यावर त्याने हुकमी एक्का काढला, ‘‘लिल नास एक्स बघा ना! कॉलेज सोडलं, तीस डॉलरचा बीट घेतला आणि जगात एक नंबर!’’

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मी २०१९ ची बिलबोर्डची वर्षाअखेरची ‘हॉट १००’ यादी उघडून बसले. ते माझं दहावीचं वर्ष. बोर्डाचे पेपर चालू होते आणि टिकटॉकवर साधी मुलं एका ठेक्यावर अचानक काउबॉय होत होती. ते ‘यीहॉ चॅलेंज’. गाणं कुणाचं, हे आम्हाला माहीतही नव्हतं. तेच ‘ओल्ड टाऊन रोड’ त्या यादीत पहिलं आहे.

एक नंबरच्या मागे काय होतं?

मित्राचं म्हणणं खोटं नाही. अटलांटाजवळ वाढलेल्या या मुलाने एक वर्ष शिकून कॉलेज सोडलं. बहिणीच्या घरी राहायचा, पैसे नव्हते. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने ऑनलाइन विकायला ठेवलेला बीट त्याने ३० डॉलरला घेतला आणि एका छोट्या स्टुडिओत तासाभरात गाणं रेकॉर्ड केलं. डिसेंबर २०१८ मध्ये ते आलं. लांबी जेमतेम १ मिनिट ५३ सेकंद!

पण स्टोरीत टाकताना आपण पुढचा भाग कापतो. त्याआधी त्याची एक अख्खी मिक्सटेप आली होती आणि ती फार कुणी ऐकली नव्हती. मात्र ट्विटरवर मीम्स बनवून लोकांना खिळवायचं कसं, हे तो आधीच शिकला होता. गाणं आल्यावर तो महिनोन्‌महिने त्याची मीम्स बनवून फिरवत राहिला. तासाभरात झालं ते रेकॉर्डिंग. बाकी सगळ्याला बराच वेळ लागला.

मार्च २०१९ मध्ये गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत १९ व्या क्रमांकावर आलं आणि लगेच काढूनही टाकलं गेलं. कारण काय, तर आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण त्यात नाहीत. घोडा आहे, टोपी आहे, बँजोसुद्धा आहे, मग कमी काय पडलं? गायक कृष्णवर्णीय आहे म्हणून तर नाही ना, असा प्रश्न अनेकांनी उघडपणे विचारला. गंमत म्हणजे, ज्या बँजोशिवाय कंट्रीचं पान हलत नाही, ते वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत पोचलं.

वादाने गाणं आणखी पेटलं. जुना कंट्री गायक बिली रे सायरस एप्रिलमध्ये रिमिक्समध्ये उतरला. गाणं सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. आधीचा विक्रम १६ आठवड्यांचा होता, ‘वन स्वीट डे’ आणि ‘डेस्पासितो’ या दोन गाण्यांच्या नावावर. त्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्टची दोन गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत येऊन थांबली. एड शीरन आणि जस्टिन बीबरचं ‘आय डोन्ट केअर’सुद्धा.

यात हिशेबही होताच बरं का. एकामागून एक रिमिक्स येत राहिले. एक तर बीटीएसच्या आरएमबरोबर होता. बिलबोर्डच्या नियमाने हे सगळं एकाच गाण्याच्या खात्यात जमा होत गेलं. शिवाय स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. दोन मिनिटांचं गाणं पुन्हा पुन्हा लावायला कुणाला कंटाळा येतो?

पैसे कुणाला?

मित्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. यंगकिओने त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या एका वाद्यसंगीताचा तुकडा वापरला होता. गाणं गाजल्यावर रीतसर परवानगी घेतली गेली आणि बँडच्या ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गीतकार-निर्माते म्हणून लागली. खुद्द यंगकिओला आपल्या बीटचं काय झालंय, हे इन्स्टाग्रामवर मीम बघताना कळलं!

त्याच यादीत सातव्या क्रमांकावर आरियाना ग्रान्देचं ‘सेव्हन रिंग्ज’ आहे. त्याची चाल ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधल्या एका गाण्यावर बेतलेली आहे. त्यामुळे गीतलेखनाच्या रॉयल्टीतला सुमारे ९० टक्के वाटा रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या खात्यात गेला. यातला एक १९६० मध्ये वारला, दुसरा १९७९ मध्ये. आवाज तुमचा, व्ह्यूज तुमचे, पण कागद दुसऱ्याच्या नावावर असू शकतो. सॅम्पल उचलताना हे आठवलेलं बरं.

खोलीतलं गाणं

१९ आठवड्यांची ती मक्तेदारी ऑगस्टमध्ये मोडली ती बिली आयलिशच्या ‘बॅड गाय’ने. वर्षाअखेरच्या यादीत ते चौथं आहे. ती तेव्हा १७ वर्षांची होती. गाणं तिने आणि तिचा भाऊ फिनियस याने लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरात, त्याच्या बेडरूममध्ये बनवलं. त्यातला एक टिकटिक आवाज सिडनीतल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा आहे, फोनवर रेकॉर्ड केलेला. फिनियस तेव्हा २२ चा होता, म्हणजे आज मी आहे तेवढा. हे वाचून मी पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले.

पण ही भावंडंही एका रात्रीत आलेली नाहीत. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं ‘ओशन आइज’ २०१५ मध्ये नेटवर आलं होतं. मधली चार वर्षं ती त्याच खोलीत गाणी करत होती.

यादीतली बाकीची नावं बघा. ‘सनफ्लावर’, ‘विदाउट मी’, ‘हॅपिअर’, ‘सिको मोड’... पहिल्या दहातली ही चारही गाणी २०१८ मध्ये आलेली. लिझोचं ‘ट्रुथ हर्ट्स’ तर २०१७ चं. पहिल्या क्रमांकावर पोचलं सप्टेंबर २०१९ मध्ये, एका नेटफ्लिक्स सिनेमानंतर आणि टिकटॉकच्या लाटेवर. आणि डिसेंबरात मराया कॅरीचं १९९४ चं ख्रिसमसचं गाणं पहिल्यांदा एक नंबर झालं, २५ वर्षांनी! हिट गाण्यांचं वर्ष आणि ती गाणी तयार झाली ते वर्ष वेगळं असतं, हे मला या यादीने शिकवलं.

मग मित्राला काय सांगितलं?

हे सगळं त्याला त्याच टेबलावर ऐकवलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तूही आईसारखंच बोलणार?’’ मी म्हटलं, नाही रे. बीट्स बनव. पण ज्याचं उदाहरण देतोस त्याची पूर्ण गोष्ट सांग. त्याच्यासारखे किती जण कॉलेज सोडून बसले आणि त्यांची गाणी कुणीच ऐकली नाहीत, ते कुठल्याच यादीत छापून येत नाही.

आणि एक चांगली बातमीही दिली. २०२४ मध्ये शबूझी या कृष्णवर्णीय गायकाचं ‘अ बार साँग’ एकूण १९ आठवडे ‘हॉट १००’च्या शिखरावर राहिलं आणि कंट्री यादीतही एक नंबर झालं. या वेळी कुणी बाहेर काढलं नाही. पाच वर्षांपूर्वी एका पोराने मारलेल्या धडकेचा यात थोडा तरी वाटा असणारच.

मित्राने अजून काही ठरवलेलं नाही. परीक्षेचा फॉर्म मात्र त्याने भरलाय. परवा रात्री दीड वाजता त्याने एक नवा बीट पाठवला. त्यात आमच्या कॅन्टीनच्या चहाच्या ग्लासांचा खणखणाट आहे. मी तीनदा ऐकला आणि खाली लिहिलं, ‘‘हा कुणाला तीस डॉलरला विकू नकोस.’’