पोटावरचा गार लेप

बाईला दिवस गेले की डॉक्टर सोनोग्राफी करायला सांगतात. पोटावर गार, बुळबुळीत लेप लावतात. हा लेप कसला? त्याने बाळाला बाधा तर होणार नाही ना? असं बाया आम्हांला विचारतात. कोणी कोणी या भीतीने तपासणीलाच जात नाहीत. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाने पाहणे. यंत्राची मूठ पोटावर फिरवतात. तिच्यातून आवाज निघतो. तो इतक्या उंच पट्टीचा असतो, की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. डोंगरासमोर मारलेली हाक परत येते ना? तसा तो बाळावर आपटून परत येतो. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते.

आवाज हवेतून जातो, तसा पाण्यातूनही जातो. पाण्यात तर तो जास्तच वेगाने धावतो. १८२६ साली कोलाडॉन या शास्त्रज्ञाने जिनीव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला. तो एका सेकंदाला १४३५ मीटर भरला. हवेत तो सुमारे ३४० मीटरच असतो.

पण हवेतून पाण्यात शिरणे आवाजाला जड जाते. विहिरीत बुडी मारा. काठावरचे बोलणे नीट ऐकू येत नाही. पाण्यातच कोणी दगडावर दगड आपटला, तर मात्र चटकन ऐकू येते. आपल्या अंगातही पुष्कळ पाणीच आहे. मूठ आणि कातडी यांच्यामध्ये जरा जरी हवा राहिली, तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो.

मग नुसते पाणी का लावत नाहीत? पाणी ओघळून जाते. म्हणून त्यात थोडे पॉलिमर घालतात. पॉलिमरचे रेणू साखळीसारखे लांबच लांब असतात. तांदळातले पिष्टही तसेच. भात शिजताना त्याच्या साखळ्या पाण्यात पसरतात, एकमेकींत गुंततात आणि पेज दाट होते. लेपातही पाणी असेच अडकून राहते. पण लेपात बहुतेक पाणीच असल्यामुळे आवाजाला अडथळा होत नाही. तो जवळजवळ पाण्यातल्याच वेगाने पार जातो.

तेव्हा हा लेप म्हणजे औषध नव्हे. ती आवाजाची वाट आहे. काम झाले की फडक्याने पुसून टाकावा. बाळाची वाढ ठीक आहे का, हे तपासणीत कळते. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याप्रमाणे ते सांगणे गुन्हा आहे. लेपाला भिऊन घरी बसू नका. वेळेवर तपासणीला जा.