स्क्राइब

मुंबईतील हार्डकोअर संगीताचा एक प्रवर्तक वाद्यवृंद. स्थापना २००५ च्या सुमारास. पंक संगीताच्या या उग्र शाखेला भारतात श्रोतृवर्ग मिळवून देणाऱ्या आरंभीच्या वृंदांत त्याची गणना होते. विश्वेश कृष्णमूर्ती हे त्याचे गायक होत.

पार्श्वभूमी : पंक संगीत १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क व लंडन येथे उदयास आले. रॉक संगीतातील दीर्घ वादनाचा व भपक्याचा त्याने त्याग केला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ब्लॅक फ्लॅग, बॅड ब्रेन्स, मायनर थ्रेट इ. वृंदांनी त्याची लय अधिक द्रुत, गीते अधिक आखूड व गायन अधिक कर्कश केले. यातून हार्डकोअर हा प्रकार सिद्ध झाला. पुढे त्यात हेवी मेटलच्या वादनतंत्राची भर पडली. स्क्राइबचे संगीत या संमिश्र परंपरेतील आहे.

मुंबईत रॉक संगीताचे प्रमुख व्यासपीठ धोबी तलावाजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह होते. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला, त्यास येथेच मोठी लोकप्रियता लाभली. रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या सान्निध्यामुळे हा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो. परिणामी २००३ च्या सुमारास येथील संगीतकार्यक्रम थांबले. त्यानंतरच्या पिढीतील वृंदांना उपाहारगृहे व महाविद्यालयीन महोत्सव यांचा आश्रय घ्यावा लागला. स्क्राइबची जडणघडण याच काळातील होय.

संगीतविशेष : विद्युत् गिटारींचा खर्जातील तुटक आघात, तालवाद्यांची जलद गती व आरोळीवजा गायन ही या संगीताची प्रमुख अंगे. अशा गायनात स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांचे कंपन उपयोगी पडते; त्यामुळे आवाज खरखरीत होतो. द्रुत भागानंतर लय एकाएकी निम्म्यावर येते व प्रत्येक आघात सुटा आणि जड ऐकू येतो. विलंबिताकडून द्रुताकडे जाणाऱ्या ख्यालगायनाची सवय असलेल्या श्रोत्यास हा क्रम उलटा वाटतो; येथे उत्कर्षबिंदू मंद लयीत असतो.

गीतांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी. तथापि संदर्भ हिंदी चित्रपटांचे व मुंबईच्या दैनंदिन जीवनाचे आहेत. कन्फेक्ट (२००८) नंतरच्या मार्क ऑफ तेजा (२०१०) व हेल मोगॅम्बो (२०१४) या गीतसंग्रहांची नावे अनुक्रमे अंदाज अपना अपना (१९९४) व मिस्टर इंडिया (१९८७) या चित्रपटांतील खलनायकांवरून घेतलेली आहेत. ‘आय लव्ह यू, पावभाजी’ हे शीर्षकही याच वृत्तीचे द्योतक होय.

प्रभाव व मूल्यमापन : पाश्चात्त्य हार्डकोअरमध्ये संताप व राजकीय निषेध यांस प्राधान्य असते, स्क्राइबने त्या जागी विनोद व विडंबन यांची योजना केली. त्यामुळे मूळ विद्रोहाची धार बोथट होते, असा आक्षेप संभवतो. शिवाय आरोळीवजा गायनात शब्द स्पष्ट कळत नाहीत व अर्थाचा बराच भार शीर्षकांवरच पडतो. तथापि परकीय संताप उसना घेणे हे केवळ अनुकरणच ठरले असते. आपल्या शहराचे खाणे, बोलणे व चित्रपटवेड यांना या कर्कश संगीतात स्थान देऊन स्क्राइबने ते मुंबईच्या तरुणांना परके राहू दिले नाही. हेच त्याचे महत्त्वाचे कार्य होय.