अडीचशे अधिक पन्नास किती? जावास्क्रिप्टमधील संख्या आणि मजकूर

बडोद्यातील दांडिया बाजार हा गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबांच्या वस्तीचा भाग. तेथून जवळच, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने, त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली. तेथील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी नव्हते, गुजराती होते. आज त्याच कलाभवनात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. नवी विद्या प्रथम आपल्या भाषेत समजावी, हा त्या प्रयोगामागील विचार होता. प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या आणि शाळेतच कोडिंगला सामोरे जाणाऱ्या गोव्यातील मुलांनाही तो लागू पडतो. म्हणूनच जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचा पहिला धडा मराठीतून पाहू.

ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ही भाषा तयार केली. आज ती प्रत्येक ब्राउझरमध्ये असते; त्यामुळे शिकण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. संगणकावर ब्राउझरची कोरी खिडकी उघडून एफ-१२ ही कळ दाबावी आणि ‘कन्सोल’ हा विभाग निवडावा. तेथे एक ओळ टंकून एंटर दाबले की लगेच उत्तर मिळते.

एकच चिन्ह, दोन कामे

समजा, दांडिया बाजारातील एका दुकानदाराला पणजीच्या ग्राहकाकडे भाकरवडी पाठवायची आहे. मालाची किंमत अडीचशे रुपये, टपालखर्च पन्नास. कन्सोलमध्ये पुढील ओळी क्रमाने टंकाव्यात. नावे मराठीत चालतात. अंक मात्र इंग्रजीच हवेत.

किंमत = 250
टपाल = 50
किंमत + टपाल

उत्तर येते 300. येथे ‘किंमत’ आणि ‘टपाल’ ही मूल्ये साठवणारी नावे आहेत. त्यांना ‘चल’ म्हणतात. (प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये नावाआधी ‘लेट’ किंवा ‘कॉन्स्ट’ हा शब्द रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत आहे.) आता तेच अंक अवतरणचिन्हांत लिहून पाहा.

"250" + "50"

उत्तर येते "25050". संगणकाने चूक केलेली नाही. अवतरणचिन्हांत जे असेल ते त्याच्या दृष्टीने मजकूर, म्हणजे ‘स्ट्रिंग’. अधिकचे चिन्ह संख्यांची बेरीज करते, मजकूर मात्र एकापुढे एक जोडते. वजाबाकीचे चिन्ह तसे वागत नाही. "250" - "50" याचे उत्तर 200 येते, कारण मजकुराची वजाबाकी संभवत नसल्याने जावास्क्रिप्ट त्याचे आपणहून संख्येत रूपांतर करते. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो येथेच.

संख्या आणि मजकूर एकत्र आले की मजकूर वरचढ ठरतो.

"एकूण रुपये " + किंमत + टपाल

याचे उत्तर "एकूण रुपये 25050" असे येते. संगणक डावीकडून वाचतो; पहिल्याच जोडणीत मजकूर तयार होतो आणि पुढचे पन्नासही त्यालाच चिकटतात. (किंमत + टपाल) असा कंस केला की बेरीज आधी होते आणि ग्राहकाला योग्य रक्कम, 300, दिसते. वेबसाइटवरील चौकटीत ग्राहकाने भरलेले अंकही सामान्यतः मजकूर म्हणूनच हाती येतात. म्हणून हिशेबापूर्वी त्यांचे रूपांतर करणे आवश्यक. त्याची सोपी रीत म्हणजे आधी अधिकचे चिन्ह लावणे: +"250" याचे उत्तर 250 ही संख्या.

आपले अंक, आपली अक्षरे

मात्र +"२५०" असे लिहिल्यास ‘नॅन’ म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. देवनागरी अंक जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मान्य आहेत, संख्या म्हणून नाहीत. मराठी शाळेत २५० लिहायला शिकलेल्या मुलाला ही गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. नाहीतर आपलेच गणित चुकले, असे त्याला वाटेल.

अक्षरांचेही तसेच. "दांडिया"[0] असे टंकले तर "द" मिळतो, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. [1] लिहिल्यास मात्र नुसता काना हाती येतो. काना, अनुस्वार, वेलांटी यांची नोंद स्वतंत्र होत असल्याने आपल्या दृष्टीने तीन अक्षरांच्या ‘दांडिया’ची लांबी संगणकाच्या लेखी सात भरते. नावाच्या चौकटीला अक्षरमर्यादा घालताना याचा विसर पडला, तर मराठी नावे मध्येच तुटतात.

अंक दिसले म्हणजे संख्या नव्हे

बडोद्याचा दूरध्वनी संकेतांक 0265. तो अवतरणचिन्हांविना कन्सोलमध्ये टंकला तर उत्तर येते 181! आरंभी शून्य असलेले अंक अष्टमान पद्धतीचे मानावेत, असा जुना संकेत त्यामागे आहे. गोव्याचा 0832 टंकल्यास 832 मिळतात. अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नसल्याने तो दशमान धरला जातो, पण आरंभीचे शून्य जातेच. नियम काटेकोर पाळणाऱ्या प्रोग्राममध्ये असे लिहिणे ही थेट चूकच ठरते. म्हणून दूरध्वनी क्रमांक, पिनकोड, गाडीचा क्रमांक हे मजकूर म्हणूनच साठवावेत.

खऱ्याखुऱ्या संख्यांतही एक खोच आहे. 0.1 + 0.2 याचे उत्तर 0.30000000000000004 असे येते. आपण एकतृतीयांश दशांशात पूर्ण लिहू शकत नाही, त्याचप्रमाणे संगणकाला त्याच्या द्विमान पद्धतीत एकदशांश पूर्ण लिहिता येत नाही. पैशांचा हिशेब ठेवताना रुपयांऐवजी पूर्णांक पैसे मोजणे हा त्यावरील जुना आणि खात्रीचा उपाय.

कोणतेही मूल्य लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: याची कधी बेरीज किंवा वजाबाकी करायची आहे का? उत्तर ‘होय’ असेल तर ती संख्या, ‘नाही’ असेल तर मजकूर. भाकरवडीची किंमत संख्या आहे. ती ज्या पत्त्यावर जायची, त्याचा 403001 हा पिनकोड मजकूर आहे.