बॉनेटचा ताळमेळ

संगणक येण्यापूर्वीच्या काळात बँकेच्या शाखेत दिवसअखेरीस ताळा जुळला नाही, तर कोणीही घरी जात नसे. फरक एका रुपयाचा असो की एका पैशाचा, खतावण्या पुन्हा उघडल्या जात आणि बेरजा पुन्हा केल्या जात. त्या रात्रींनी एका पिढीला एक धडा कायमचा दिला. फरक जेथे दिसतो, तेथेच चूक असेल असे नाही. ती बहुधा कोठेतरी आधीच्या पानावर दडलेली असते. बंगळूरच्या जुन्या मोटारींच्या गॅरेजात हाच धडा आजही दिला जातो. तेथे खतावणीच्या जागी असतो पत्रा, आणि ताळा जुळवायचा असतो तो मोटारीच्या बॉनेटचा.

मोटारींचे हौशी शहर

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरचे हवामान पत्र्याला मुंबईच्या खाऱ्या हवेइतके मारक नाही. जुन्या मोटारी जपणाऱ्यांचे हे शहर. जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने आणि शिवाजीनगरचा जुन्या मालाचा बाजार या हौशी मंडळींच्या पायाखालचे. शहरातून म्हैसूरकडे निघाले की श्रीरंगपट्टणाजवळ श्रीक्षेत्र धर्मस्थळाच्या संग्रहातील मोटारींचे ‘पयण’ हे संग्रहालय लागते.

या शहराच्या यंत्रप्रेमाशी मराठी माणसाचाही जुना ऋणानुबंध आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सहकार्याने म्हैसूर संस्थानातच मोटारींचा कारखानाही उभारावा, असा त्यांचा प्रयत्न होता. तत्कालीन इंग्रज सरकारच्या प्रतिकूल धोरणामुळे तो सफल झाला नाही. पुढे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मोटारी मुंबईत कुर्ल्याला तयार होऊ लागल्या. बंगळूरात मोटारीचा कारखाना त्या वेळी झाला नाही. पण मोटारी जगवणारे कारागीर मात्र येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले. मुंबई-पुण्याकडे ज्याला ‘डेंटर’ म्हणतात, त्याला या भागात ‘टिंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे.

हेराल्डचे अवघड लेणे

जुन्या मोटारीची दुरुस्ती पूर्ण होत आली, इंजिन सुरू झाले, आसने नवी झाली, की मालकाला वाटते, आता केवळ रंग राहिला. कारागिराला मात्र ठाऊक असते की, खरी परीक्षा पुढेच आहे. बॉनेट हा मोटारीचा सर्वांत मोठा हलता पत्रा. त्याच्या चारही कडांना शेजारी असतात आणि प्रत्येक शेजाऱ्याशी त्याला सारखे अंतर राखावे लागते. चार-पाच मिलिमीटरची फट एका टोकाला तीन आणि दुसऱ्या टोकाला सात झाली, तर कितीही महागडा रंग दिला तरी पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तेथेच जाते.

या परीक्षेत सर्वांत कठीण प्रश्नपत्रिका काढते ती स्टँडर्ड हेराल्ड. इटालियन रेखाटनकार जोवान्नी मिकेलोत्ती यांनी आकार दिलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये अवतरली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती भारतात तयार केली. इंग्लंडमधील मूळ कंपनीला संपूर्ण सांगाडा एकत्र दाबून देणारा पुरवठादार मिळेना, म्हणून वेगळी चॅसिस आणि तिच्यावर बोल्टने जोडलेले निरनिराळे भाग अशी तिची रचना करण्यात आली. या सोयीची किंमत आज कारागीर मोजतो. हेराल्डचे बॉनेट म्हणजे केवळ झाकण नव्हे. दोन्ही मडगार्ड आणि दिवे यांसह मोटारीचा अवघा दर्शनी भागच पुढच्या बिजागऱ्यांवर झुकून उघडतो. ॲम्बॅसॅडरचे बॉनेट काचेच्या बाजूला टांगलेले असते आणि त्याची मडगार्डे आपापल्या जागी स्थिर असतात. हेराल्डमध्ये मात्र बॉनेट हलले की मडगार्डही हलते, आणि त्याच्या बाजूची उठावाची रेषा दरवाजावरील रेषेशी असलेली सोबत सोडते.

फट एकीकडे, दोष दुसरीकडे

अनुभवी कारागीर बॉनेटला प्रथम हातच लावत नाही. मोटार सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी आहे ना आणि इंजिन आपल्या जागी बसवलेले आहे ना, हे तो पाहतो. जॅकवर तोललेल्या किंवा इंजिनाविना ठेवलेल्या मोटारीवर जुळवलेले बॉनेट मोटार जमिनीवर येताच बिघडते. कारण वजन पडले की चॅसिस किंचित लवते. त्यानंतर तो सांगाडा आणि चॅसिस यांमधील रबरे व पट्ट्या तपासतो. मग दरवाजे, आणि सर्वांत शेवटी बॉनेट. हा क्रम मोडणे म्हणजे आरंभीची शिल्लक न पडताळता दिवसाची बेरीज करणे होय. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातील फट रुंद दिसते, आणि शोध घेता दोष सापडतो तो काचेखालच्या भागाच्या चॅसिसवरील झिजलेल्या रबरात.

पाया पक्का झाल्यावर बिजागऱ्यांची पाळी येते. त्यांच्या बोल्टांची छिद्रे मुद्दाम लांबट ठेवलेली असतात. तेवढीच हालचालीची मुभा. कारागीर बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ आखतो, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. बोल्ट पूर्ण न सोडता केवळ सैल केले जातात. कोपऱ्यांवर चिकटपट्टी आणि मऊ फडके लावले जाते, आणि दोन माणसे बॉनेट धरून ते अलगद खाली आणतात. पहिल्या खेपेस खिट्या अडकवल्या जात नाहीत. चुकीच्या जागी बसलेले बॉनेट खिटीत अडकले, तर ते उघडणेच दुरापास्त होते.

येथे घाई करणारा फसतो. बिजागरीपाशी केलेला एक मिलिमीटरचा बदल दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कितीतरी मोठा होतो. म्हणून एका वेळी एकच बोल्ट, एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर बॉनेट मिटून पाहणे, हा नियम. पुढची बाजू उंच हवी असेल तर बिजागरीखाली पातळ वॉशर, मागची बाजू खाली हवी असेल तर ज्यांवर ती टेकते त्या शंकूच्या आकाराच्या रबरांची उंची कमी, असे हे काम चालते. पत्र्यालाच पीळ पडला असेल, तर एका कोपऱ्याखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा कोपरा हळूच दाबला जातो. कानस हाती घेणे हा अगदी शेवटचा उपाय. बोल्ट पुन्हा मागे सरकवता येतो. घासून टाकलेला पत्रा परत येत नाही. हेराल्ड घडवणारा मद्रासचा कारखाना बंद होऊन दशके लोटली आहेत. बिघडवलेल्या प्रत्येक बॉनेटागणिक शिल्लक एकाने कमी होते, आणि या खात्यात नवीन जमा होत नाही.

रंगाआधी आणि रंगानंतर

ही सगळी जुळवणी रंगापूर्वीच पूर्ण व्हावी लागते. रंग दिल्यानंतर जुळवायला घेतले, तर घसरलेल्या एका पान्याने अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. जुळलेली जागा हरवू नये म्हणून चतुर कारागीर बिजागरी आणि तिच्या आधाराच्या पत्र्यातून एक बारीक छिद्र आरपार पाडून ठेवतो. रंगानंतर त्याच छिद्रात सळई घातली की बिजागरी अचूक पूर्वीच्या ठिकाणी येते. तरीही रंगाच्या थरांची जाडी फटीतून वजा होतेच. तिची तरतूद आधी करावी लागते. कडांची नवी रबरे ताठर असतात आणि बॉनेट वर ढकलतात. ती दबून बसेपर्यंत काही दिवस बॉनेट मिटून ठेवणे आणि मगच अखेरचा निर्णय देणे शहाणपणाचे. रस्त्यावर नेण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या खिट्या पक्क्या बसतात ना, याची खात्री करणे मात्र शोभेचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग आहे.

कागदोपत्री ताळमेळ

अशा मोटारीच्या मालकाने आणखी एक ताळमेळ राखला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठरवण्यात आले, आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची. वाहन मूळ स्वरूपात असावे, चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही त्यातील प्रमुख अट. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला तिला परवानगी नाही. भारतात तयार झालेल्या सर्व हेराल्ड आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. तेव्हा दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, बिले आणि मूळ क्रमांकांच्या नोंदी जपून ठेवणे हिताचे.

एकेकाळी अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबून मोटार घेतली. वडिलांनी ज्या मोटारीसाठी वाट पाहिली, तिच्या बॉनेटसाठी मुलाने आणखी दोन आठवडे थांबणे, यात मग जड ते काय? खरी चिंता वेगळीच आहे. पेन्सिलीची रेघ, सैल बोल्ट आणि फटीवरून फिरणारे बोट, ही विद्या पुस्तकात कमी आणि कारागिरांच्या हातांत अधिक आहे, आणि ते हात थकत चालले आहेत. गॅरेजात पान्याचा क्रमांक शिकणारा एखादा पोऱ्या त्या बोटामागोमाग आपले बोट फिरवून पाहतो, तेव्हा केवळ एका मोटारीचा नव्हे, दोन पिढ्यांचा ताळा जुळतो.